पोहता येत नसताना कयाकिंग: चार्ल्स नदी आणि टोपल्या भरून शिंगाडे

पोहता येत नाही, वय चाळिशीच्या पुढे गेलंय, आणि तरीही नदीत होडी न्यावीशी वाटते, अशा माणसांसाठी हे लिहितेय. कयाकिंगचे व्हिडिओ बघितले तर त्यात सगळे विशीतले, फेसाळत्या पाण्यातून उड्या मारणारे. त्यांच्याकडे बघून आपण लॅपटॉप बंद करतो. मी बरेच महिने तेच केलं. म्हणून हे सगळं जसं झालं तसं, क्रमाने, पैसे आणि कागदपत्रांसकट.

आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला वॉल्थममध्ये राहतो. घरापासून चार्ल्स नदी चालत दहा मिनिटांवर. ही नदी उगमापासून समुद्रापर्यंत सुमारे ८० मैल वळणं घेत जाते, पण सरळ रेषेत मोजलं तर अंतर निघतं जेमतेम २६ मैल. तिला कुठे पोचायची घाई नाही, आणि नवशिक्यासाठी तेच बरं. वॉल्थमच्या मूडी स्ट्रीटला तिच्यावर धरण आहे. तिथेच १८१४ च्या सुमारास फ्रान्सिस कॅबट लोवेल आणि मंडळींची कापडगिरणी सुरू झाली. कापसापासून कापडापर्यंत सगळं एका छताखाली करणारी ही अमेरिकेतली पहिली गिरणी. त्या धरणामुळे मागे न्यूटनपर्यंत पाणी पसरलंय, खाड्या आणि छोटी बेटं तयार झालीयेत. या पट्ट्याला इथे लेक्स डिस्ट्रिक्टच म्हणतात. म्हणजे नाव नदीचं, पण पाणी बऱ्याच ठिकाणी तळ्यासारखं उभं.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. तलावांचा जिल्हा. तरी पोहायला शिकले नाही, कारण आमच्याकडे मुलींनी तलावावर जायचं ते धुणं घेऊन. पाण्यात उतरायची ती मुलं, आणि ढीवर, म्हणजे मासेमार लोक.

तर पहिली पायरी एप्रिलमध्ये. वायएमसीएत प्रौढांसाठी 'पाण्याची भीती असलेल्यांचा' वर्ग असतो. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. फी सव्वाशे डॉलरच्या आसपास पडली, सभासद असाल तर कमी. वर्गात आम्ही सहा-सात जण, त्यातले निम्मे भारतीय आणि चिनी, सगळे एकमेकांकडे न बघता कपडे बदलणारे. शिकवणारी मुलगी विशीतली होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्हाला काय करायचंय? मी सांगितलं, होडीतून पडले तर घाबरायचं नाहीये, बस. त्यावर ती म्हणाली, मग हात मारण्यापेक्षा आधी पाठीवर तरंगायला शिका. जूनपर्यंत मला पाठीवर तरंगता यायला लागलं आणि काठापर्यंत कसंबसं जाता यायला लागलं. याला पोहणं म्हणत नाहीत. पण लाइफ जॅकेट घातल्यावर एवढंच लागतं: तोंड वर, पाय पुढे, श्वास चालू.

नवऱ्याला पोहता येतं, पण तो सांगलीकर, कृष्णेच्या घाटावर शिकलेला. त्यामुळे 'त्यात काय शिकायचंय' हा त्याचा सूर. अशा माणसाकडून शिकू नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीत, पहिल्यांदा कयाक भाड्याने घेतली. न्यूटनमध्ये कॉमनवेल्थ अव्हेन्यूच्या टोकाला, १२८ हायवेच्या पुलाजवळ जुनं बोटहाऊस आहे. गाडी नसेल तर बॉस्टनच्या मेट्रोच्या ग्रीन लाइनवरच्या रिव्हरसाइड स्टेशनावरून चालत वीसेक मिनिटांत पोचता येतं. सुट्टीच्या दिवशी पार्किंग सकाळी दहाच्या आतच भरतं. दोघांची कयाक तासाला तीस डॉलरच्या आसपास पडली, वर कर. लाइफ जॅकेट आणि वल्हं त्यातच. आधी ऑनलाइन वेव्हर भरायचा असतो: पाण्यातले धोके मला माहीत आहेत, काही झालं तर जबाबदारी माझी, वगैरे. ही भाषा वाचून माझ्या पोटात गोळा आला. पण ती सगळ्यांना सारखीच असते, स्केटिंगच्या रिंकवरही तोच मजकूर असतो. घरूनच भरून न्या, नाहीतर काउंटरपाशी उन्हात उभं राहून फोनवर टाइप करावं लागतं. ओळखपत्र लागतं, तेवढं ठेवा.

जॅकेटचं एक. मॅसॅच्युसेट्समध्ये कनू (वरून उघडी, लांबट होडी) आणि कयाकवाल्यांना १५ सप्टेंबर ते १५ मे या थंड पाण्याच्या काळात ते अंगावर घालणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना बाराही महिने. उन्हाळ्यात मोठ्यांनी ते नुसतं होडीत ठेवलं तरी चालतं, आणि पुष्कळ जण तसंच ठेवतात. तुम्ही ठेवू नका. पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे.

कयाक दोन प्रकारच्या असतात. एकीत आपण वर बसतो, दुसरीत पाय आत घालून. मला भीती होती ती दुसरीची: उलटली तर आत अडकायचं. काउंटरवरच्या मुलाने समजावलं की भाड्याच्या होड्यांचं तोंड एवढं मोठं असतं की उलटली तर माणूस आपोआप बाहेर पडतो, कमरेला झाकण बांधायची भानगड नदीच्या खवळलेल्या पाण्यात. तरी मी वर बसायचीच मागितली. बसताना आधी धक्क्यावर बूड टेकायचं, दोन्ही पाय होडीच्या मधोमध ठेवायचे आणि मग अंग सरकवायचं. उभं राहून पाऊल टाकायला गेलात की होडी निघून जाते आणि तुम्ही धक्का आणि होडी यांच्यामध्ये.

वल्ह्याच्या पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. मूठ सैल. आणि जोर हातांनी लावायचा नाही, कमरेतून वळायचं, पाय पुढच्या खोबणीत रोवून. हे मला पहिल्या तासात कळलं नाही. खांदे भरून आल्यावर कळलं. दोघांच्या कयाकमध्ये मागचा माणूस दिशा धरतो आणि पुढच्याच्या लयीत वल्हं मारतो. अमेरिकन लोक या होडीला गमतीने घटस्फोटाची होडी म्हणतात. आम्ही पहिला अर्धा तास लांबरुंद वर्तुळं काढत होतो, आणि पुढे बसलेल्या मला मागून सांगलीतून सूचना येत होत्या. शेवटी एका आजोबांनी त्यांच्या कनूतून ओरडून सांगितलं, एकानेच बोला.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आधी प्रवाहाविरुद्ध जायचं. प्रवाह जाणवतही नाही इतका मंद असतो, पण परतताना दमलेल्या हातांना त्याची मदत होते. वरच्या बाजूला न्यूटन लोअर फॉल्सकडे नदी अरुंद होते, दोन्ही काठांवर झाडं, सावली. खाली वॉल्थमकडे पाणी पसरतं आणि दुपारी वारा सुटतो. नवशिक्याने सकाळी जावं, आणि अरुंद बाजूला. वॉल्थमच्या बाजूला मूडी स्ट्रीटच्या धरणाच्या अलीकडे इशाऱ्याच्या खुणा आहेत. त्यांच्या जवळपासही फिरकू नका.

जूनमध्ये जवळजवळ दर शनिवारी गेलो. हळूहळू मान वर करून आजूबाजूला बघता यायला लागलं. ओंडक्यांवर ओळीने ऊन खात बसलेली कासवं, आणि करड्या रंगाचा उंच बगळा, जो होडी अगदी जवळ आली तरी हलत नाही. वेस्टनच्या बाजूला झाडीत एक दगडी बुरूज आहे, नोरुम्बेगा टॉवर. बेकिंग पावडरमध्ये पैसा कमावलेले हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांची खात्री होती की हजार वर्षांपूर्वी व्हायकिंग लोक इथे वस्ती करून होते. पुरावा काही नव्हता. १८८९ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने बुरूज बांधून टाकला. समोरच्या काठावर १८९७ मध्ये नोरुम्बेगा पार्क नावाची करमणुकीची बाग निघाली, ती १९६३ पर्यंत चालली. त्या काळात या पट्ट्यात कनूंची एवढी गर्दी असायची की १९०३ च्या सुमारास होडीत चुंबन घेणाऱ्यांना २० डॉलर दंड व्हायचा. त्या काळचे २० डॉलर! नवऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, आपल्याला काळजी नाही, आपण भांडतच असतो.

नदी घाण नाही का, असं भारतातून सगळे विचारतात. पूर्वी फार होती. १९९५ मध्ये पर्यावरण खात्याने तिला 'डी' श्रेणी दिली होती, नंतर ती 'बी'च्या वर गेली. तरी हात धुतल्याशिवाय सँडविच खाऊ नका, आणि जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबा.

आता शिंगाडा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका खाडीत पाण्यावर पसरलेली पानं दिसली. चौकोनी म्हणावीत अशी, कडा दातेरी, देठ मधेच फुगलेले, आणि सगळी एका गोल फुलोऱ्यासारखी रचलेली. मी वल्हं मारायची थांबले. साकोलीच्या तलावात हेच बघत मोठी झाले होते. दिवाळीच्या सुमारास ढीवर बाया उकडलेले काळे शिंगाडे टोपलीत घेऊन बसस्टँडवर बसायच्या.

घरी येऊन वाचलं. इथला शिंगाडा ट्रापा नाटन्स, आपल्या शिंगाड्याचा सख्खा भाऊ. आपल्याकडच्या फळाला बहुधा दोन शिंगं असतात, याला चार काटे, तेही आकड्याचे. १८७० च्या दशकात हार्वर्डच्या वनस्पतीउद्यानात तो हौसेने लावला गेला, तिथल्या माळ्याने आसपासच्या तळ्यांत बिया टाकल्या, आणि १८७९ पर्यंत तो मोकाट सुटल्याचं लोकांच्या लक्षात आलं. आता तो ईशान्य अमेरिकेतल्या कितीतरी तळ्यांना झाकून टाकतो. पानांच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, प्राणवायू कमी होतो, होडी जात नाही. एका बीपासून पानांचे दहा-बारा फुलोरे, प्रत्येकाला पंधरा-वीसपर्यंत फळं, आणि बी गाळात बारा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. उपाय एकच: फळं पिकून गळण्याआधी वेल उपटायची. मोठ्या पसाऱ्यासाठी यंत्रं आणतात, पण काठाच्या आणि खाडीतल्या वेली माणसांनाच काढाव्या लागतात. १९६५ पासून नदीसाठी काम करणारी चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन त्यासाठी उन्हाळ्यात स्वयंसेवकांना कनूतून नेते.

मी त्याच रात्री फॉर्म उघडला. नाव, पत्ता, आणीबाणीत कुणाला फोन करायचा, तब्येतीच्या तक्रारी, आणि पुन्हा एक वेव्हर. बोटहाऊसचा वेव्हर इथे चालत नाही, हा वेगळा. अल्पवयीन मुलं असतील तर पालकाची सही. पोहण्याबद्दल मी ईमेल करून सरळ विचारलं: मला फक्त तरंगता येतं, चालेल का? दोन दिवसांनी उत्तर आलं की चालेल, जॅकेट काढायचं नाही आणि तुमच्या होडीत अनुभवी माणूस देऊ. असं विचारायची लाज वाटते, मलाही वाटली. पण संयोजकांना हे आधी कळलेलं हवंच असतं.

शनिवार-रविवार सगळे भरलेले होते. बऱ्याच कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे गट घेऊन येतात, त्यामुळे जागा लवकर जातात. प्रतीक्षा यादीत नाव टाकलं. अडीच आठवडे काही नाही. मग एका गुरुवारी संध्याकाळी मेल, शनिवारी एक जागा आहे, रात्रीपर्यंत कळवा. कळवलं, हातमोजे विकत आणले (हार्डवेअरच्या दुकानातले रबरी तळव्याचे, आठ डॉलर, बागकामाचे कापडी नकोत, काटा आरपार जातो), आणि शनिवारी पहाटे मेल आली की वादळाचा अंदाज आहे, रद्द. विजेच्या कडकडाटात पाण्यावर थांबत नाहीत, यात तडजोड नसते. पुढच्या आठवड्यातली जागा मात्र आपोआप मिळाली.

तो दिवस जुलैच्या मध्यातला. सकाळी नऊला जमलो, बाराएक जण. जुने बूट घाला असं सांगितलं होतं, कारण काठावर पडलेल्या मागच्या वर्षीच्या वाळक्या फळांचे काटे चपलेच्या तळातून वर येतात. दोरी असलेली टोपी, पाणी, कपड्यांचा जादा जोड गाडीत, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. काठावर तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही नावाची खाजरी वेल असते, तिला हात लावायचा नाही. घरी गेल्यावर गोचिडी लागलीय का ते पाहायचं, गुडघ्याच्या मागे आणि केसांत विशेष.

माझ्या कनूत मागे एक निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या. कित्येक वर्षं येतायत. आमच्या मध्ये कपडे धुवायला नेतात तसल्या दोन प्लॅस्टिकच्या टोपल्या. त्यांनी दाखवलं: फुलोऱ्याच्या खाली हात घालायचा, देठ बोटांत धरायचा आणि हळू ओढायचं. झटका दिला की देठ तुटतो आणि खालचा भाग पुन्हा फुटतो. नीट ओढलं तर दोरी ओढत राहावी तसा हात दोन हात, चार हात वेल येत राहते, खालच्या टोकाला केसांसारखी मुळं आणि काळा चिखल, आणि कधीकधी जिच्यापासून ती उगवली ती मागच्या वर्षीची काळी रिकामी बीसुद्धा. मग फुलोरा उलटा करायचा. पानांच्या खाली, देठांच्या बेचक्यात, हिरवी कोवळी फळं लपलेली असतात. ती पाण्यात पडू द्यायची नाहीत. गोगलगायी आणि चतुरांची पिल्लं झटकून पाण्यात सोडायची आणि बाकीचं टोपलीत. टोपली भरली की मोठ्या होडीत रिकामी करायची. काठावर नेलेला ढीग खतासाठी जातो.

वाकून ओढताना होडी कलते. पहिल्यांदा माझ्या घशात प्राण आले. बाईंनी शांतपणे सांगितलं, तू डावीकडे वाकलीस की मी उजवीकडे बसते, तू फक्त सांगून वाक. मग आम्ही 'डावीकडे', 'उजवीकडे' असं ओरडत काम करत राहिलो. तासाभराने माझ्या लक्षात आलं की होडी कलतेय याकडे आपलं लक्षच नाही, सगळं लक्ष फुलोऱ्याखाली फळ आहे की नाही याच्यावर. हातमोज्यातून वास मात्र असा येत होता की घरी कुणी जवळ घेतलं नाही.

साडेबाराला संपलं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि पाठ दुखली, खांदे नाही, म्हणजे कमरेतून वळायला एकदाचं जमलं.

त्या रात्री भंडाऱ्याला आईला व्हिडिओ कॉल केला आणि टोपल्यांचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावून निरखून पाहिलं.

"हे तं शिंगाडे हायेत न वं! अन् याले चार काटे कसे?"

मी सांगितलं, इथली जात वेगळी.

"अन् तुमी फेकून राहिले? आपल्याइथं ढीवर लोकं तलाव ठेक्यानं घेतेत, पैसे देऊन लावतेत. तुमी फुकट उपटून राहिले!"

तिचं म्हणणं मला मनातून पटत होतं. आषाढी नुकतीच झाली होती, स्वयंपाकघरात शिंगाड्याच्या पिठाचं पाकीट उघडं होतं, वॉल्थममधल्याच इंडियन स्टोअरमधून आणलेलं. पण चार्ल्सच्या गाळात दोनशे वर्षांच्या कारखान्यांचं काय काय साठलंय, इथला शिंगाडा तोंडात घालायचा विचारही करू नका. आईला मी दुसरं कारण सांगितलं. आपल्याकडे त्याला खाणारी माणसं आहेत आणि खाणारे किडेही. शिंगाड्याची पानं फस्त करणारा भुंगा आपल्या शेतकऱ्यांचा शत्रू. इथे दोन्ही नाहीत, म्हणून तो माजला. त्या आशियाई भुंग्यालाच इथे कामाला लावता येईल का, याचा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठात चाललाय. आई म्हणाली, "भुंगे पाह्यजेत तं इथून घेऊन जा म्हणा, लय हायेत."

ऑगस्टमध्ये आणखी एकदा जायला मिळालं. तेव्हा फळं टणक झाली होती, काटे हातमोज्यात रुतत होते, आणि बरीचशी हात लावताच गळत होती. म्हणून जमलं तर जुलैतच जा. स्वतःची कयाक असेल तर तिला इथे नोंदणी लागत नाही, मोटर नसेल तोवर. पण एका तळ्यातून दुसऱ्यात नेताना ती घासून, पाणी काढून, पूर्ण वाळवून न्यायची. एक बी तळाला चिकटून गेलं तरी दुसरं तळं गेलं म्हणून समजा.

बोटहाऊस ऑक्टोबरपर्यंत सुरू असतं, पण सप्टेंबरच्या मध्यानंतर पाणी झपाट्याने गार होतं, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मे अखेरीपर्यंत थांबावं. पोहण्याच्या वर्गाची नावनोंदणी मार्चमध्येच करा, एप्रिलचे वर्ग भरतात. शिंगाडे उपटायचे असतील तर वसंतात संस्थेच्या मेलिंग लिस्टवर नाव टाका आणि शनिवारांऐवजी आठवड्यातला एखादा दिवस मागा, तेव्हा जागा मिळते. नवऱ्याने पुढच्या वर्षासाठी नाव दिलंय. त्याची होडी वेगळी असेल.